भुजंगची मगर

“जिल्हा फुटला अन् घोळ झाला. वनखात्याच्या नव्या हापिसातले म्हणतात, जुन्या जिल्ह्याला जा. जुने म्हणतात, तुमचा जिल्हा आता लातूर!” भुजंगनं चपला कोपऱ्यात भिरकावल्या. “मगर एक, जिल्हे दोन, अन् मधी मी मरून राहिलो.”

केवळाबाईनं नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. “ऱ्हाऊ द्या की. हाय तिथं बरी हाय ती.”

“बरी? तुला काय जातंय म्हणायला!”

खरं तर त्याचंच काही जात नव्हतं. उदगीरच्या जत्रेत एका सर्कसवाल्याकडून वीतभर पिल्लू त्यानंच हौसेनं आणलं. चार लोकांनी बघावं म्हणून दारातल्या हौदात ठेवलं. ते वाढलं, त्याच्या बोटाला चावलं, तशी त्यानं ते पोत्यात घालून मळ्यातल्या विहिरीत सोडून दिलं. त्यानंतर तो विहिरीच्या काठालाही फिरकला नाही. खाणं टाकायला टोपली घेऊन जायची ती केवळाबाईच.

विहीर सामाईक होती. निम्मी चुलतभाऊ शेषेरावची. पावसानं दोन सालं तोंड फिरवलेलं. निलंग्याच्या बाजूच्या विहिरी कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या, हिच्या तळाला मात्र अजून हिरवं पाणी होतं. केवळाबाई गल्लीतल्या बायांना त्यातून घागर-घागर शेंदून द्यायची. शेषेरावला त्याच पाण्यावर ऊस जगवायचा होता. पण इंजनाचा पाइप लावायला आत उतरणारा गडी मिळेना.

“तुझ्या जनावरापायी माझा ऊस वाळून राहिला,” तो रोज दारात येऊन ओरडायचा. “काढ ती, न्हाईतर पंचायत बसवतो!”

घरी यावं तर शेषेराव, हापिसात जावं तर साहेब दौऱ्यावर. एस.टी.चे धक्के खाऊन भुजंगची कंबर मोडली. कुठल्या घटकेला मगर आणली, म्हणून तो येता-जाता कपाळ बडवायचा.

शेवटी एका सकाळी वनखात्याची जीप मळ्यात आली. जाळं आलं, दोरखंड आले, बघायला अख्खं गाव आलं. शेषेरावनं तर बैलगाडीत घालून इंजनच आणलं.

साहेब काठाकडे निघाले, तेवढ्यात केवळाबाई आडवी आली. पदर सावरत, हलक्या आवाजात ती त्यांच्याशी काहीतरी बोलली. साहेबांनी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या बायांकडे पाहिलं. मग इंजनाकडे पाहिलं. काठावरून वाकून बराच वेळ ते आत बघत राहिले.

“जनावर लई मोठं झालंय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आत्ता काढणं धोक्याचं. पाऊस पडेपर्यंत विहिरीत कुणी पाय घालायचा नाही. घातला तर गुन्हा दाखल करीन.”

जीप धुरळा उडवत निघून गेली. शेषेराव शिव्या देत इंजन परत घेऊन गेला. भुजंग बायकोकडे वळला.

“एवढे हेलपाटे घातले मी! आता पुन्हा पावसापतूर ही बला गळ्यात. अगं, काय सांगितलंस तू त्या सायबाला?”

केवळाबाईनं पोहरा विहिरीत सोडला.

“मगर दिवाळीतच मेली म्हणून सांगितलं. बांधावर पुरलीय मी तिला.”