मधला दगड

२००६मध्ये ग्लासगोत मला कन्सल्टंटची पोस्ट मिळाली आणि त्याच आठवड्यात नवऱ्याला कंपनीने पुण्याला परत बोलावलं. पंधरा दिवस आम्ही नुसते भांडत होतो. शेवटी खालच्या फ्लॅटमधले आफ्रिदीचाचा वर आले आणि बागेतला दगड आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आम्हा पठाणांत दोन घरांचं वैर पेटलं की जिरग्याचे पंच मध्ये असा दगड ठेवतात. त्यांनीच तो उचलेपर्यंत कोणी बंदूक उचलायची नाही." महिनाभर कोणाचा आवाज चढला नाही आणि इथेच राहायचं ठरलं. चाचा दगड न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "ब्रॅडफर्डच्या तुमच्या भावाशी वीस वर्षं अबोला आहे. तिथे कोण ठेवणार दगड?" "इथे पंच कुठून आणू?" "मी आहे ना." "जिरग्यात बायका बसत नाहीत, बेटी." दगड मीच उचलला आणि नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढ."