पपनसाच्या सालीचा वास

“श्योरेबे द्राक्ष,” वाइनचा ग्लास नवऱ्यापुढे ठेवता ठेवता बायको पुटपुटली. “पपनसाची साल. रिझलिंग म्हणू नका.”

नवऱ्याने पापणीही हलवली नाही.

तापातून उठल्यापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. जिभेला आंबट-गोड कळे, बस्स. उभी हयात वाइन चाखण्यात घालवलेल्या माणसाचं नाक गेलंय, हे फक्त तिला ठाऊक होतं. चाचणीच्या वेळी नाव दिसू नये म्हणून बाटल्या कापडात गुंडाळलेल्या असत. ओतायचं काम तिचं. ओतताना ती घोटभर चाखून बघे आणि द्राक्षाचं नाव हळूच त्याच्या कानावर घाली. आजवर ती चुकली नव्हती.

आज वाइन मंडळाच्या मुख्य चाखणाऱ्याची नेमणूक व्हायची होती. लांब टेबलाभोवती सगळी मंडळी बसली होती, मधोमध अध्यक्ष.

“वहिनी, तुम्हीही सांगा की एखादं नाव,” कोणीतरी थट्टेने म्हणालं.

“हिला विचारता?” नवरा हसला. “हिला चहा-कॉफीतला फरक कळला तरी मिळवलं!”

सगळे हसले. तीही हसली आणि बाटलीचं तोंड पुसत राहिली.

दोघातिघांनी रिझलिंग सांगितलं. नवऱ्याने ग्लास फिरवला, नाकाशी धरला, डोळे मिटले.

“रिझलिंग नव्हे, तिच्या कलमातून झालेली तिची लेक. श्योरेबे. ताज्या पपनसाची साल! इतका स्वच्छ वास कित्येक दिवसांत आला नव्हता मला.”

अध्यक्षांनी बाटलीवरचं कापड काढलं. श्योरेबेच होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्याने टेबलाआडून बायकोचा हात दाबला.

“आता काय, ठरलंच की!” अध्यक्ष खुशीत उठून त्याच्यापाशी आले. “बघू बघू, तुमच्या ग्लासातला तो वास आम्हालाही घेऊ द्या.”

ग्लास नाकाशी नेताच त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी तो शेजारच्याला दिला. शेजारच्याने मानच फिरवली.

“शी! ओल्या पोत्यासारखी कुबट आहे ही. आमची तर छान होती.”

“बाटल्या दोन होत्या,” बायको म्हणाली. “एकीचं बूच सडलेलं निघालं. ती यांच्यासाठी बाजूला ठेवली.”

“अगं...” नवऱ्याने तिचा हात आणखी घट्ट धरला.

तिने त्याच्या मुठीतून हात सोडवून घेतला, खुर्ची ओढली आणि अध्यक्षांसमोर बसली.

“यांना कशाचाच वास येत नाही, साहेब. पुढचा ग्लास मला द्या.”