रिकाम्या आठ मात्रा

‘तिसरी घंटा’ या बँडला तीन वर्षांत तीनशे बारा श्रोते मिळाले होते. ‘जुळणी’ ही यंत्रणा लावली आणि सहा महिन्यांत ते नऊ लाख झाले. जुळणी तेच गाणं प्रत्येकाच्या कानातल्या बटणात त्याला आवडेल तसं बदलून ऐकवायची. कुणाला सनई, कुणाला नुसती गिटार. बँड खरं काय वाजवतो, ते आता फक्त बँडलाच ऐकू यायचं.

एका गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर बँडमधला मल्हार आठ मात्रा एकटा दिमडी वाजवायचा. तो वारल्यापासून बाकीचे तिघं तिथे हात थांबवून उभे राहत. जुळणी ती जागाही भरून टाकायची.

सांगलीच्या कार्यक्रमात गायक ओजसने त्या गाण्यापुरती जुळणी बंद केली. आठ मात्रा नाट्यगृह गप्प होतं. लोक कानातली बटणं चाचपत होते. ओजसला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही.

नंतर मल्हारची आई विंगेत आली. ती एकही कार्यक्रम चुकवत नसे.

“ओजस, हे बिघडलं की काय बघ रे. मल्हार वाजवायला लागतो ना, नेमकं तिथंच बंद पडलं.”

ओजसने बटण शर्टाला पुसलं. “घाम आत गेला असेल, काकू.”

त्याने फोनवर जुळणी चालू केली, तेच गाणं लावलं आणि बटण तिच्या कानात बसवलं. थोड्या वेळाने तिची बोटं पर्सवर ताल धरू लागली. ओजस समोर उभा राहून मनात आठ मात्रा मोजत होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.