बाबांचं स्टिअरिंग

गॅरेजवाल्या मेस्त्रींनी बाबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगवर नवं कातडं शिवलं आणि लेकीच्या सांगण्यावरून मागे एक खटकाही बसवला. तो ओढला की अख्खं स्टिअरिंग सुटून हातात यायचं.

“शर्यतीच्या गाड्यांना असतं ना, तस्सं, बाबा!” शेजारच्या सीटवर बसत ती उसन्या उत्साहानं म्हणाली.

किल्ली लपवली तरी बाबा तारा जोडून गाडी काढायचे आणि घरचा रस्ता विसरून बसायचे. त्यांना शोधून शोधून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

बाबांनी नव्या कातड्यावरून हात फिरवला, खटका ओढला आणि स्टिअरिंग तिच्या मांडीवर ठेवलं.

“हे उशाशी घेऊन झोपत जा. मी कितीही तमाशा केला, तरी देऊ नकोस.”