पूर्ण खोलीची वजावट

“खोलीची वजावट चाळीस हजार, म्हणजे चाळीस हजार कर वाचला!” काकांनी मांडीवर थाप मारली.

“कसलं डोंबल!” काकू म्हणाल्या. “असं असतं तर सगळ्यांनीच खोल्या दाखवल्या असत्या.”

करसल्लागार मुलगी आली होती काकूंकडे शिवायला टाकलेला कोट घालून बघायला. काकांनी तिला तिथेच धरलं होतं.

“काका, वजावट करातून नसते, कमाईतून असते. काकू कोट बेतताना कापडाची खराब कड आधी काढून टाकतात आणि उरेल त्याचंच माप धरतात ना? तसंच. कामाच्या खोलीचा खर्च कमाईतून आधी बाजूला काढायचा. उरेल त्यावर कर. तुमचे आठेक हजार वाचतील.”

“आठ तर आठ! पैसे काय झाडाला लागतात? लिही, पूर्ण खोली.”

“पण फक्त शिवणकामाचीच हवी. दुसरा कसलाही वापर चालत नाही. एकदा बघू द्या.”

खोलीत मशीन होतं, बेतायचं टेबल होतं, खुंट्यांवर अर्धवट कोट. कापडाचे गठ्ठे जमिनीवरच पडलेले. काकू ते ओलांडून मशीनपाशी जात. भिंतीलगत एक पलंग होता. त्याची चादर ताठ घातलेली आणि वर एक चिंधीसुद्धा नाही.

“हा कुणाचा?”

“कुणाचा नाही,” काका म्हणाले.

“मुलाचा,” काकू म्हणाल्या. “भांडून गेलाय. पुन्हा घरात पाय ठेवू नकोस, असं ह्यांनीच बजावलं त्याला.”

मुलगी जरा घुटमळली. “मग पलंग काढावा लागेल.”

“काढू की! अडगळ नुसती.” काकांनी बाह्या सरसावल्या. “धर गं तिकडून.”

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी पलंग धरला. तो वीतभर वर उचलला गेला आणि तिथेच थांबला. काकांचा पाय काही पुढे पडेना.

“जड आहे का? मी धरू?” मुलगी पुढे झाली.

“हात लावू नकोस!”

काका केवढ्यांदा तरी ओरडले. मग त्यांचं त्यांनाच कसंनुसं झालं. त्यांनी पलंग हळूच खाली टेकवला आणि चादर तळहाताने सारखी केली.

“नको ती वजावट. सगळा कर किती होतो, ते सांग.”

“बरं. पण शिवणकामाच्या खोलीबद्दल करखात्याने विचारलं, तर काय सांगू?”

“सांग, मुलाची आहे.” काकांनी घसा खाकरला. “तो येईपर्यंत त्याची आई तिथे शिवत बसते.”