घोट्यापर्यंतची लाट

नर्स एंदांगने सुमिनाहच्या दोन्ही दंडांना आणि घोट्यांना पट्टे गुंडाळले, छातीवर ठोके टिपणारी चकती ठेवली. मनगटांना चिमटे लावायचे होते. डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं, चिमटा नीट बसेना.

हात कधी मोडला, असं तिने विचारलं. उत्तर मुलाने दिलं. आई न्हाणीत पडली होती.

मुलगा पुर्नोमो चौतिशीचा. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याचं डायलिसिस चालू होतं. आईची किडनी जुळली होती. इंडोनेशियातल्या सोलो शहरात, त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुमिनाहने शेजाऱ्यांना शुभकार्याचा पिवळा भात घालून दुवा मागितली होती. एक काय, दोन्ही काढा, असं ती पट्टे बांधून घेतानाही म्हणाली.

ही शेवटची तपासणी. सकाळी डॉक्टरांनी सुमिनाहला एकटीलाच अर्धा तास आत बसवलं, म्हणून पुर्नोमो अजून धुसफुसत होता. दात्याशी एकांतात बोलायचा नियमच आहे, असं एंदांगने त्याला समजावलं.

पट्टे फुगले, आवळले, सैल झाले. हृदयातून निघालेली नाडीची लाट दंडाला केव्हा पोहोचली आणि घोट्याला केव्हा, ते यंत्राने कागदावर छापलं. एंदांग बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"लाट घोट्याला फार लवकर पोहोचतेय," ती म्हणाली.

"मग बरंच की."

"नाही, दादा. रक्तवाहिनी मऊ असली की लाट सावकाश जाते. कडक झाली की धडकत जाते. यांना ऑपरेशन झेपायचं नाही. आईंची किडनी घेता येणार नाही."

सुमिनाह रडू लागली. पुन्हा तपासा, यंत्र चुकलं असेल, असं विनवू लागली. पुर्नोमो सुजलेल्या पायांवर भिंतीला टेकून उभा राहिला.

"जन्मात एक काम सांगितलं होतं तुला," तो म्हणाला आणि मामाला फोन लावायला बाहेर गेला.

दार लागलं. सुमिनाहने डोळे पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि उठून बसली.

"सकाळी डॉक्टरांच्या पाया पडून जे कारण मागितलं होतं, अगदी तेच बोललीस, पोरी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याला पटलं ना?"