ताणावरची बाग

संत्र्याच्या बुंध्याला बांधलेल्या, खोडाच्या आतलं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यात कौतिकाबाईंनी डोकावून पाहिलं. खोडातून वर चढणारी पाण्याची निळी धार मध्येच तुटली होती आणि तिथे हवेचे बुडबुडे जमले होते. म्हणजे झाड तहानलेलं! आता हा कॅमेरा आपणहून नळ सोडणार.

“बाप्पा, याले दुष्काळच वाटते!” त्या करवादल्या. “आंबिया बहाराची फुलं धरायले मीच पाणी तोडून झाडं ताणावर ठेवली. अन् हा मेला पाणी पाजून ताण मोडते. मग फुलं काय याच्या डोक्यावर येतील?”

शेजारी बाजेवर त्यांचा नवरा डोमाजी लोटाभर ताक पिऊन पसरला होता. बाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा सोडला आणि डोमाजीच्या पोटरीला आवळला. पडद्यावर त्याच्या रक्ताची धार कशी भरभरून वाहायला लागली. नळ गप्प राहिला.

थोड्याच वेळात, कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज जिथे पोचतो त्या पाणी-केंद्रातल्या पोरीचा फोन आला.

“काकू, तुमच्या झाडात पाणी झकास खेळतंय. पण झाड घोरतंय कसं?”

“घोरू दे ना बाई,” कौतिकाबाई समाधानानं म्हणाल्या. “ताणावर झाड असंच झोपते, म्हणून तर फुलं घेऊन उठते.”